देवचंद आभाळात जाणार होता

आधारनाना भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि पारोळ्याला, आपल्या मूळ गावी, विहारामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं पक्कं घर बांधून राहिले. घरात ते आणि त्यांची बायको भागाबाई. मुलगा एकच, देवचंद. तो बंगलोरला उपग्रह बनवणाऱ्या सरकारी संस्थेत इंजिनिअर होता. उपग्रह म्हणजे काय ते नानांना थोडंफार सांगता यायचं. भागाबाईला कोणी विचारलं तर ती म्हणायची, "मशिनीमा शे." आणि ते काही खोटं नव्हतं.

पंच्याऐंशी साली अशी बातमी आली की अमेरिकेच्या यानातून आपल्या देशाचा एक शास्त्रज्ञ अंतराळात जाणार. देवचंदच्या संस्थेतल्या कितीतरी लोकांनी नावं दिली, तशी त्यानंही दिली. मग परीक्षा, मुलाखती, रक्त-लघवीच्या तपासण्या. एकेक जण गळत गेला आणि देवचंद शेवटच्या मोजक्या लोकांत उरला. तिकडे अमेरिकेतही काही दिवस जाऊन आला. कोण जाणार ते अजून ठरायचं होतं. पण ही गोष्ट पारोळ्यापर्यंत पोचेस्तोवर ठरूनच गेली होती. 'पारोळ्याचा सुपुत्र अंतराळात' असं कुठल्याशा पेपरात छापून आलं आणि मग देवचंदनं पत्रातून कितीही समजावलं तरी कोणी ऐकेना.

तेलाची घाणी असलेले रतिलाल शेठ सत्कार समितीचे अध्यक्ष झाले. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर शालिग्राम सर चिटणीस झाले. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्या भिकननं दोन कोठ्या एकमेकींवर ठेवून झाळून जोडल्या, वर टोक बसवलं, पांढरा रंग दिला आणि एक रॉकेट तयार केलं. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं करून मिरवणूक निघणार होती. विहारामागच्या गल्लीतून बाजारपेठेत, आणि तिथून बाजार समितीच्या आवारात. तिथला लिलावाचा ओटा हेच स्टेज. मिरवणूक आपल्या गल्लीतून निघणार हे रतिलाल शेठनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा नाना उठले. त्यांनी दाराची चौकट फडक्यानं पुसून काढली. भागाबाईला त्याचा अर्थ कळला. त्यांच्या गल्लीत गावाच्या मिरवणुकीचा बँड यापूर्वी कधी आला नव्हता.

तिला स्वतःला मात्र यातलं काहीच डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. दिवाळीला देवचंद आला होता तेव्हा तिनं विचारलं होतं, "कितला दूर शे ते?"

देवचंद भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढला, त्यामुळे घरातही साधी मराठीच बोलायचा. तो म्हणाला, "माय, इथून मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच वर."

मुंबई तिनं पाहिली होती. रात्री गाडीत बसलं की सकाळी येते. हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. पण मग अंगणात बाज टाकून पडलं की ती वर बघायची, आणि रस्ता नसलेली ती मुंबई काही केल्या तिला दिसायची नाही.

सत्कार जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवला होता. त्या दिवशी पहाटेच नाना रतिलाल शेठच्या जीपमधून जळगावला निघाले. देवचंद बंगलोरच्या गाडीनं तिथे उतरणार होता. भागाबाईनं पुरण शिजत घातलं, पोळ्यांचं मातीचं खापर काढून ठेवलं. देवचंदला खापरावरच्या पुरणपोळ्या आवडायच्या आणि एवढ्या मोठ्या पोळ्या करणारं बंगलोरला कोणी नव्हतं.

ती कणीक तिंबत होती तेव्हा शेजारची लिलाबाई दारात येऊन उभी राहिली. एरवी ती बोलतच घरात शिरायची. आज नुसती उभी.

"भागाबाई, देवचंद कोठे शे?"

"गाडीमा. येई ऱ्हायना."

"कोनती गाडीमा?"

"कोनती म्हंजे? रेल्वेगाडीमा. तू अशी का इचारी ऱ्हायनी?"

लिलाबाई खाली बसली. "रेडिओवर सांगी ऱ्हायनात. अमेरिकानं आभाळमानं विमान फुटनं. वर जाता जाताच. सात जन व्हतात, बठ्ठा मरी ग्यात."

भागाबाईचे हात कणकेतच राहिले. सगळ्यात आधी तिच्या मनात जे आलं, ते तिनं पुढं कोणाला कधी सांगितलं नाही. तिच्या मनात आलं, चला, आता तो जाणार नाही. अंगातून एकदम काहीतरी सैल झालं, मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखं. आणि लगेच दुसरा विचार आला, सात जण. त्यांच्याही घरी कोणीतरी आज काहीतरी शिजवत बसलं असेल. तिला स्वतःची लाज वाटली. आणि ती लाज नीट वाटून होते न होते तोच तिसरा विचार आला. देवचंद गाडीत बसला हे कोणी पाहिलं होतं? रविवारी त्याचा रतिलाल शेठच्या दुकानात फोन आला होता, निघतो म्हणाला होता, एवढंच. मधल्या दोन दिवसांत अमेरिकेनं त्याला बंगलोरहूनच तिकडे बोलावून घेतलं असेल तर?

"त्या सातमा आपला कोनी नही ना?" तिनं विचारलं.

"नावं सांगी ऱ्हायंतात. पन माले त्या नावं समजनात नही," लिलाबाई म्हणाली.

चुलीवर पुरण रटरटत होतं. भागाबाईला ते उतरवावं की ढवळावं तेही कळेना. तिनं ढवळलं.

गल्लीत बायका जमायला लागल्या. कोणी डोक्यावरून पदर घेऊन आली, कोणी नवं लुगडं नेसून सत्कारासाठी म्हणून आलेली, दारातच थबकली. एक म्हातारी आल्या आल्या भागाबाईच्या गळ्यात पडून रडायला लागली. भागाबाईनं तिला थोपटलं. काय म्हणून थोपटतो आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"चूल इझाडा व," कोणीतरी म्हणालं. "दुखना घरमा पुरन शिजाडतस का?"

"दुखनं घर कसाले?" लिलाबाई अंगावर गेली. "नाना त्याले आनाले जयगावले जायेल शेतस."

"मंग नाना आजून का वना नही?"

तेवढ्यात रतिलाल शेठच्या घरच्या कुंदाबाई आल्या. बाजारपेठेतली एवढी मोठ्या घरची बाई या गल्लीत पायी चालत आली होती, आणि एरवी त्याचंच चार दिवस बोलणं झालं असतं. त्या भागाबाईच्या शेजारी जमिनीवरच टेकल्या आणि तिचा पिठाचा हात हातात घेतला. "अक्का, धीर धरा," म्हणाल्या आणि रडू लागल्या. भागाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, यांना काहीतरी पक्कं कळलेलं दिसतं. त्यांच्या घरी फोन आहे.

"फोन वना का?" तिनं विचारलं.

"नाही हो. मीही रेडिओच ऐकला," कुंदाबाई म्हणाल्या.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी बँड वाजला. धुळ्याहून सांगितलेला बँड ठरल्या वेळेला येऊन उभा राहिला होता आणि त्यांना काही कोणी कळवलं नव्हतं. लाल कोट घातलेले वाजंत्री लग्नातलं गाणं वाजवत पुढे येत होते आणि त्यांच्यामागे ट्रॅक्टर, ट्रॉलीवर भिकनचं पांढरं रॉकेट, त्याला झेंडूच्या माळा. दाराशी आले तर समोर रडणाऱ्या बायका. क्लॅरिनेटवाल्यानं वाजवणं थांबवलं, ढोलवाला मागे होता, तो आणखी थोडा वेळ वाजवतच राहिला.

शालिग्राम सर सायकल टेकवून घाईघाईनं आत आले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की त्या यानात भारतातला कोणी नव्हता, देवचंदचं जाणं अजून ठरायचं होतं आणि ठरलं असतं तरी ते पुढच्या कुठल्यातरी यानातून. भागाबाईनं सगळं ऐकलं. सर खोटं बोलत नाहीत हे तिला माहीत होतं. पण सर जे बोलले ते डोक्यात शिरलं आणि छातीपर्यंत काही आलं नाही. ती उठून दारात जाऊन उभी राहिली, ट्रॅक्टरच्या पलीकडचा रस्ता दिसेल अशी.

जीप आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पुढच्या सीटवरून आधी नाना उतरले, मग देवचंद. त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता आणि हातात चुरगळलेला पेपर. त्याला पाहताच बायकांनी एकच गलका केला. ज्या रडत होत्या त्या हसायला लागल्या, आणि आतापर्यंत कोरड्या राहिलेल्या लिलाबाईला हुंदका फुटला. बँडवाल्यांना वाटलं आता वाजवायचं. त्यांनी सुरुवात केली. देवचंदनं नुसता हात वर केला. बँड थांबला.

त्यानं आईच्या पायाला हात लावला. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, केसांना कणीक लागली. तो होता. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तिला वाटलं, सर म्हणाले ते खरं नसावं, याचं कोणीतरी गेलं आहे.

"मनमाडला पेपर घेतला तेव्हा कळलं," तो नंतर आतल्या खोलीत म्हणाला. चुलीजवळच्या पाटावर बसून राहिला.

बाहेरच्या खोलीत समितीची बैठक भरली. रतिलाल शेठ, शालिग्राम सर आणि आणखी दोन-तीन जण. दार उघडंच होतं, भागाबाईला सगळं ऐकू येत होतं.

"रद्द करा म्हणता, पण लोक निघालेत हो," रतिलाल शेठ म्हणत होते. "खेड्यापाड्यांतून बैलगाड्या आल्यात. बाजार समितीनं तुरीचा लिलाव आज बंद ठेवलाय."

"सात माणसं गेली, शेठ. आणि आपण रॉकेट मिरवायचं?" शालिग्राम सर म्हणाले.

"म्हणूनच विचारतो. मग काय करायचं? शोकसभा म्हणावी तर आपलं माणूस सुखरूप आहे. सत्कार म्हणावा तर..." पुढचं शेठनाही माहीत नव्हतं.

देवचंद उठून दारात गेला. "शेठजी, कार्यक्रम नको. माझी निवड झालेली नाही, हे मी आधीही लिहिलं होतं. आणि आज तर नकोच."

भिंतीशी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नाना बसले होते. सकाळपासून घातलेला इस्त्रीचा कोट त्यांच्या अंगावर होता. ते देवचंदकडे न बघता म्हणाले, "बरोबर शे तुन्हं. नकोच."

आणि कोटाचं वरचं बटण काढायला लागले. बटण घट्ट होतं. त्यांची बोटं फिटरची, जाड, ते निघेना.

देवचंद त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाहेर बघितलं. गल्ली माणसांनी भरली होती. घराघरांच्या ओट्यांवर रांगोळ्या काढलेल्या होत्या आणि बँडवाले कोणाच्यातरी ओट्यावर चहा पीत बसले होते.

"आधी त्यांना श्रद्धांजली वाहायची," तो म्हणाला. "मिरवणूक निघेल, पण वाजवायचं नाही. रॉकेट झाका."

"आणि सत्कार?" शेठनी विचारलं.

"मला माहीत नाही, शेठजी. तुम्हीच ठरवा."

तशी ती मिरवणूक निघाली. पारोळ्यानं अशी मिरवणूक आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. पुढे वाद्यं काखेत धरलेला बँड, मुकाट चाललेला. मागे ट्रॉलीवर कापसाच्या गाडीची ताडपत्री टाकून झाकलेलं उंच काहीतरी, त्याखालून झेंडूची एक माळ लोंबत होती. मग देवचंद, त्याच्या एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला भागाबाई. बाजारपेठेत दुकानांच्या फळ्यांवर लोक उभे होते. काहींनी फुलं उधळायला आणली होती. ती उधळावीत की नाही ते त्यांना समजत नव्हतं. एकानं उधळली. त्याचं बघून बाकीच्यांनी उधळली. मग कोणीतरी 'शू' केलं, तेव्हा थांबली. एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता, "बठ्ठा चूप का शेतस? कोन मरनं?" आणि शेजारचा म्हणाला, "मरनं नही, तोच तर चाली ऱ्हायना पुढे." म्हाताऱ्यानं तरी हात जोडले.

नाना छाती काढून चालत होते. अधूनमधून त्यांना आठवण व्हायची आणि ते मान खाली घालायचे.

बाजार समितीच्या ओट्यावर सतरंजी आणि खुर्च्या होत्या. मागच्या 'हार्दिक अभिनंदन' लिहिलेल्या कापडावर घाईनं दुसरं कापड बांधलं होतं; वाऱ्यानं ते उडालं की मधूनच 'हार्दिक' दिसायचं. सरांनी सगळ्यांना उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. भागाबाई डोळे मिटून उभी राहिली. नावं तिला माहीत नव्हती. तिनं सात पोरं मनात आणायचा प्रयत्न केला, आणि सातही वेळा देवचंदचाच चेहरा आला. तिनं डोळे उघडले.

जळगावहून बोलावलेले पाहुणे आले होते. त्यांनी लिहून आणलेलं भाषण वाचलं. त्यात 'गगनभरारी' होती, 'उद्या आपला देवचंद ताऱ्यांशी बोलेल' असं होतं. ते वाचताना ते अडखळत होते, काही वाक्यं गाळत होते, आणि गाळताना पुढच्या वाक्याचा संबंध तुटत होता. लोक टाळ्या वाजवायला हात उचलत आणि परत खाली ठेवत.

मग रतिलाल शेठ माइकवर आले. कार्यक्रम आपल्या हातातून निसटतो आहे हे त्यांना दिसत होतं आणि तो सावरायला त्यांनी आवाज चढवला. "बंधूंनो, भगिनींनो! आज मी या मातेला विचारतो. अक्का, सात वीर गेले. तरी तुम्ही तुमच्या लेकाला आभाळात पाठवणार का? सांगा या गावाला!"

सगळं आवार भागाबाईकडे बघायला लागलं. शेठना काय उत्तर हवं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. तिलाही माहीत होतं. देवचंद अर्धवट उठला, "शेठजी, तिला नका..." पण तोवर लिलाबाईनं तिला माइकपुढे नेऊन उभं केलं होतं.

माइक तिच्या डोक्याच्या वर होता. शालिग्राम सरांनी तो खाली केला. तिनं पदर सारखा केला.

"माले काय इचारतस?" ती म्हणाली. तिचा आवाज भोंग्यातून परत तिच्याकडे आला, तशी ती जरा दचकली. "माले नही समजत. तो जावो, असं माले वाटत नही." ती थांबली. "सकायले आयकं, तव्हय माले वाटनं, बरं व्हयनं, आते हाऊ जावाव नही. मंग हाऊ गाडीतून उतरना. त्यान्हं तोंड पाहं. तव्हय वाटनं, माय, हाऊ गया नही ते याले काय व्हई? मंग न जावो, असंबी वाटत नही." तिनं देवचंदकडे बघितलं, मग लोकांकडे. "त्या सात जनस्न्या माया व्हतीन. त्यासले कोनी इचारं व्हतं का? माले काई समजत नही, शेठ. समजनं म्हंजे सांगसू."

आणि ती खुर्चीवर जाऊन बसली.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी हळहळलंही नाही. पुढे बसलेल्या बायकांतली एक जण उठली, बहुतेक निघायचं समजून, आणि मग परत बसली. रतिलाल शेठ माइकजवळ तोंड नेऊन काही बोलायला गेले आणि न बोलता मागे झाले. त्यांना राग आला असेल असं भागाबाईला वाटलं, पण ते तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "चुकलं माझं, अक्का."

देवचंद उभा राहिला. त्याला फारसं बोलता आलं नाही. तो म्हणाला की आपण अजून अंतराळवीर नाही, आणि आता होऊ की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. तिकडे अमेरिकेत यानातल्यासारख्याच एका खुर्चीत त्याला बसवून, पट्टे बांधून बघितलं होतं, जमिनीवरच. "पट्टे फार घट्ट असतात," तो म्हणाला, आणि पट्टे येतात तिथे स्वेटरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुम्ही आलात. आमच्या घरापासून इथपर्यंत आलात. ते मी विसरणार नाही." आणि बसला.

सत्काराचा हार टेबलावर तसाच होता. तो घालायचा की नाही यावर ओट्यावर कुजबुज झाली. शेवटी शालिग्राम सरांनी तो उचलला आणि आधारनानांच्या गळ्यात घातला. का, ते सरांनाही सांगता आलं नसतं. पण तेव्हा पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना हार घालून उभे राहिले, हसावं की नाही ते न कळून, आणि मग हसले.

संध्याकाळी घरी माणसांची ये-जा थांबली तेव्हा भागाबाईनं उरलेल्या पुरणाच्या पोळ्या केल्या. नाना बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सकाळपासूनची हकिगत सांगत होते. हार अजून गळ्यातच होता. देवचंद आत चुलीजवळ जेवत होता. दोन घास झाले की हात थांबायचा.

"तठे पानी कसं पेतस?" तिनं एकदम विचारलं.

"काय?"

"वरे. पानी सांडस का नही?"

त्यानं मान वर केली. इतक्या महिन्यांत तिनं असं काही विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला. पाणी सांडत नाही, माय, त्याचे गोळे होतात, हवेत तरंगतात. मग झोपायचं कसं, तर पिशवीत शिरून स्वतःला भिंतीला बांधून घ्यायचं. खिडकीतून खाली बघितलं तर पृथ्वी दिसते, वेगानं फिरणारी. दिवसातून कितीतरी वेळा सूर्य उगवतो. बोलता बोलता त्याचा आवाज बदलला, हात हलायला लागले. एक पाण्याचा गोळा कसा तरंगतो ते त्यानं पोळीच्या तुकड्यानं करून दाखवलं. भागाबाईला त्यातलं निम्मंही कळलं नाही. दिवसातून कितीतरी वेळा सूर्य उगवत असेल तर स्वयंपाक किती वेळा करायचा, असं तिच्या मनात आलं, पण तिनं ते विचारलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"तुले जानंच शे ना?"

तो थांबला. "हो."

"आतेबी?"

"आताही, माय." आणि मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते. पण जायचंय."

तिनं त्याच्या ताटात तूप वाढलं. जास्तच वाढलं, ताटभर झालं. त्यानं नको म्हटलं नाही.

दोन दिवसांनी तो बंगलोरला परत गेला. पुढचे काही महिने गावात काहीबाही उठत राहिलं. कोणी म्हणायचं निवड झाली, कोणी म्हणायचं अमेरिकेनं सगळी यानं बंद केली, कोणी म्हणायचं तो गुपचूप जाऊनही आला. भागाबाईला वाटेत अडवून विचारत. ती म्हणायची, माले नही ठाऊक. रोज रेडिओ ऐकायला ती आता लिलाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. बातम्यांत त्याचं काही नसायचं.

भुईमूग पेरणीच्या दिवसांत रतिलाल शेठच्या दुकानातला माणूस धावत आला. देवचंदचा फोन आहे, परत पाच मिनिटांनी करतो म्हणालाय, माय आणि नाना दोघांना बोलावलंय. नाना शेताकडे गेले होते. भागाबाई एकटीच गेली. तेलाच्या वासानं भरलेल्या त्या पेढीत शेठनी तिला स्वतःच्या गादीवर बसवलं आणि फोन तिच्या कानाला लावून दिला.

"माय," देवचंदचा आवाज आला, लांबून, खरखरीत. "ते बंद झालं. आपल्यातलं कोणी आता जाणार नाही. कळवलंय त्यांनी."

"कव्हय जावाव मंग?"

"कधीच नाही, माय. माझं काम मात्र चालू आहे, पहिल्यासारखंच. तू काळजी करू नकोस."

हेच तर तिनं जानेवारीत मागितलं होतं. ती ज्या गोष्टीची वाट बघत होती ती आता कानात आली होती आणि ती खूश व्हायची वाट बघत बसली. खुशी आली नाही. तिला फक्त पोळीचा तुकडा हवेत धरलेला त्याचा हात दिसला. शेठ समोर उभे होते, तिच्या चेहऱ्यावरून काय बातमी आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होते. त्यांना काही ओळखता येईना.

"माय? आहेस ना?"

"शे," ती म्हणाली. मग तिच्या तोंडून जे निघालं त्याचं तिलाच नवल वाटलं. "दुसरी कोनी गाडी नही का रे?"

"काय?"

"अमेरिकानी बंद व्हयनी. दुसरा कोनी नेत नही का वर?"

तिकडे आवाज बंद झाला. तिला वाटलं फोन तुटला. मग खरखरीतून हसणं ऐकू आलं, आधी थोडं, मग बरंच. आणि हसता हसता तो नाक ओढत होता.

"रशियाची असते, माय," तो शेवटी म्हणाला.

"मंग त्यासले इचार ना," भागाबाई म्हणाली. "इचाराले काय व्हस?"